आधी नोंदणी विचारा, मग मन मोकळं करा

कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर… नाशिकमध्ये काउन्सेलिंगची पाटी शोधायला आता लांब जावं लागत नाही. त्या पाटीमागचा माणूस आपल्यासाठी योग्य आहे का, हे कशावरून ठरवायचं याबद्दल मात्र बऱ्याच चुकीच्या समजुती आहेत. त्यांची किंमत मोजतो तो आधीच थकलेला माणूस.

गैरसमज : दवाखाना थाटलाय म्हणजे शिकलेलाच असणार.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर या विषयात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. औषधांची गरज वाटत असेल तर यांच्याकडे जायचं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाहीत. ते भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, मान्यतेचा अभ्यासक्रम करतात आणि तिथला नोंदणी क्रमांक त्यांच्याकडे असतो. खरा गोंधळ ‘समुपदेशक’ या पाटीचा. मानसशास्त्रात एम.ए. करून, ज्येष्ठांच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षं काम केलेले उत्तम समुपदेशक आहेत. चार दिवसांच्या ऑनलाइन कोर्सचं सर्टिफिकेट भिंतीवर लावलेलेही आहेत.

म्हणून अपॉइंटमेंट घेताना फोनवरच विचारा : शिक्षण काय? नोंदणी कुठली? माझ्यासारख्या त्रासावर काम केलंय का? एखाद्या केसमध्ये अडलात तर कोणाशी बोलता? फी किती? जाणकार माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही. राग आला, किंवा ‘सहा सीटिंगमध्ये शंभर टक्के फरक’ अशी हमी मिळाली, तर तिथे जाऊ नका.

गैरसमज : नाव मोठं असलं की आपल्यालाही गुण येणारच.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये मांडलं की थेरपीतल्या नात्याला तीन अंगं असतात : दोघांमधला विश्वास, काय साधायचं यावर एकमत आणि ते कसं साधायचं यावर एकमत. हे नातं चांगलं जमलं की उपचारांचा परिणामही चांगला दिसतो, असं पुढच्या संशोधनात वारंवार आढळलं. त्यामुळे तीन-चार भेटींनंतर स्वतःलाच विचारावं : माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं जातंय का? आम्ही नेमकं कशावर काम करतोय, हे मला सांगता येईल का?

इथे एक बारकावा आहे. थेरपीत अवघड वाटणं वाईट नाही. ‘आईचा विषय निघाला की तुम्ही तो बदलता, असं का होत असेल?’ हा प्रश्न बोचेल, पण तो कामाचा आहे. सासरच्या जाचाबद्दल सांगणाऱ्या बाईला ‘थोडं तुम्हीच सांभाळून घ्या’ म्हणणं, हा उपचार नव्हे. जात, धर्म, घटस्फोट किंवा लैंगिक कल यांवरून शेरा मारला गेला, तर पुढची भेट घ्यायची गरज नाही. थेरपिस्ट बदलणं हा कृतघ्नपणा नाही. ‘मला जमत नाहीये, दुसरं कोणी सुचवाल का?’ असं सरळ विचारता येतं, आणि चांगला थेरपिस्ट नाव सुचवतो.

गैरसमज : नाशिक ते केवढं, गावभर होईल.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हे उपचार करणाऱ्यांचं कर्तव्य आहे. जिवाला धोका असणं, न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद आहेत. ते पहिल्याच भेटीत समजून घ्यावेत. वेटिंग रूममध्ये ओळखीचं कोणी भेटेल ही धास्ती असेल, तर दुसऱ्या शहरातल्या मराठी थेरपिस्टशी ऑनलाइन बोलता येतं.

गैरसमज : हे पैसेवाल्यांचं काम.

खासगी फी अनेकांना झेपत नाही, हे खरंच आहे. पण त्र्यंबक रस्त्यावरच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे जिल्हा रुग्णालयात, मानसोपचाराची सोय आहे. ‘टेली मानस’ ही सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे; १४४१६ वर रात्रंदिवस, मोफत आणि मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा झाला असेल तर योग्य थेरपिस्ट सापडेपर्यंत थांबू नका. आजच हा नंबर लावा, किंवा घरातल्या कोणाला तरी घेऊन थेट सिव्हिल गाठा.