ऑटोमॅटिक गाडी थांबली की 'एन' की 'डी'? आंबा घाटाच्या रांगेत उभं राहून समजून घेऊया

मलकापूरहून रत्नागिरीकडे निघालात आणि आंबा घाटात रस्त्याच्या कामामुळे गाड्या अडवल्या, असं समजा. पुढे ट्रक, मागे एसटी. गाडी ऑटोमॅटिक, गिअर 'डी'मध्ये, पाय ब्रेकवर. तेवढ्यात शेजारी बसलेला मित्र म्हणतो, "अरे, न्यूट्रलला टाक की, गिअरबॉक्स जळंल!" त्यानं कुठलं तरी रील बघितलेलं असतं. दुसऱ्या रीलमध्ये बरोबर उलटं सांगितलेलं असतं, की 'एन'मध्ये टाकलं की गिअरबॉक्स खराब होतो.

गंमत म्हणजे दोघंही थोडे थोडे बरोबर असू शकतात. कारण 'ऑटोमॅटिक' हे एकाच यंत्राचं नाव नाही. म्हणून आधी आपल्या गाडीत नक्की काय बसवलंय ते बघा.

दोन पंख्यांची गोष्ट

जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये आणि आपल्याकडच्या बहुतेक सीव्हीटी गाड्यांमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन टेबल फॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्यानं दुसऱ्याचीही पाती फिरायला लागतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी तेल असतं, बाकी तत्त्व तेच. आता दुसऱ्या पंख्याची पाती हातानं धरली तर पहिला बंद पडतो का? नाही, तो फिरतच राहतो. 'डी'मध्ये ब्रेक दाबून उभे असता तेव्हा हेच चाललेलं असतं. तेल थोडं घुसळतं, थोडं तापतं, पण गिअरबॉक्स त्यासाठीच बनवलेला असतो. कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला एक-दोन मिनिटं 'डी'मध्ये थांबून काहीही बिघडत नाही.

उलट प्रत्येक थांब्याला 'डी'तून 'एन', 'एन'मधून 'डी' करत बसलात तर आतल्या क्लच प्लेट दर वेळी सुटतात आणि पुन्हा पकडतात. तीही झीजच. फार नाही, पण फुकटची.

पेट्रोल वाचतं का? वाचतं, पण किती ते बघा. छोटं पेट्रोल इंजिन नुसतं चालू राहिलं तर ढोबळमानानं तासाला अर्धा ते एक लिटर पितं. म्हणजे दोन मिनिटांच्या थांब्याला 17 ते 33 मिली. 'डी' आणि 'एन'मधला फरक हा त्यातलाही छोटा हिस्सा, म्हणजे जेमतेम चमचाभर. खरंच पेट्रोल वाचवायचं असेल तर इंजिन बंद करा.

एएमटीचं गणित वेगळं

2014 मध्ये मारुतीनं सेलेरिओत एएमटी आणला आणि ऑटोमॅटिक गाडी सामान्य घरांच्या आवाक्यात आली. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. क्लचचं पेडल तुमच्याऐवजी एक यंत्र दाबतं, एवढाच फरक. तुम्ही 'डी'मध्ये ब्रेक दाबून उभे असता तेव्हा त्या यंत्रानं क्लच आधीच सोडवलेला असतो. म्हणजे क्लच प्लेट घासत नसते. छोट्या थांब्याला इथंही 'एन'ची गरज नाही. पण मॅन्युअल गाडीत पहिला गिअर टाकून पाच मिनिटं क्लच दाबून बसलात तर जसा क्लच बेअरिंगवर ताण राहतो, तसाच इथं राहतो. त्यामुळे रांग लांबणार असं दिसलं की एएमटीत 'एन' करून हँडब्रेक ओढणं शहाणपणाचं.

एएमटीचा खरा शत्रू चढ आहे. घाटात चढावर गाडी मागं जाऊ नये म्हणून काही जण ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी 'तरंगत' ठेवतात. अशा वेळी क्लच अर्धवट पकडलेला असतो आणि प्लेट सतत घासत, तापत राहते. जळका वास आला तर तो बहुतेक याचाच. ड्युअल क्लचच्या गाड्यांनाही हे अजिबात चालत नाही. 'डी' की 'एन' या वादापेक्षा या सवयीनं जास्त क्लच गेले असतील, असं माझं मत.

ऊसाच्या हंगामात बांबवड्याच्या बाजूला ट्रॉल्यांमागं रांगत जावं लागतं, तेव्हाही हेच लक्षात ठेवा. दर दोन फुटांना गाडी सरकवत बसू नका. पुढे थोडी जागा होऊ द्या, मग एकदम निघा आणि पुन्हा ब्रेक दाबून पूर्ण थांबा.

मग 'एन'चा धोका कुठे आहे?

'एन'मध्ये टाकून पाय ब्रेकवरून काढला आणि हँडब्रेक ओढला नाही, तर उतारावर गाडी स्वतःहून निघते. घाटात तो उतार कधीकधी डोळ्यांना जाणवतही नाही. दुसरं म्हणजे, रांग हलली की घाई होते. आपण 'एन'मध्ये आहोत हे विसरून ॲक्सिलरेटर दाबला जातो, गाडी नुसती ओरडते आणि मग त्याच रेसवर 'डी' टाकला की गाडी झटक्यात उसळते. पुढच्या गाडीचा बंपर दोन हातांवर असतो, राव. म्हणून 'एन'मधून 'डी' करताना पाय ब्रेकवरच हवा.

पावसाळ्यात आंब्याला धुकं उतरतं तेव्हा आणखी एक गोष्ट. ब्रेक दाबलेला असला की मागचे लाल दिवे पेटलेले असतात. हँडब्रेकवर ते पेटत नाहीत. मागून येणारी गाडी थांबेपर्यंत तरी पाय ब्रेकवर ठेवा.

चालत्या गाडीत 'एन'? अजिबात नाही

साखरप्याकडे उतरताना 'एन' टाकून गाडी सोडणारे अजून भेटतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या काळात यानं थोडं पेट्रोल वाचायचंही. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत उलटं आहे. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की कॉम्प्युटर इंधन जवळजवळ पूर्ण बंद करतो, चाकंच इंजिन फिरवत असतात. 'एन' टाकलं की इंजिन चालू ठेवायला इंधन परत लागतं. शिवाय इंजिनचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि नेमक्या वळणावर पकड कमी होते. उतारावर 'एल', 'एस' किंवा मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर घ्या. इलेक्ट्रिक गाडीतही 'एन' नको, कारण उतारावर बॅटरी परत भरणारं ब्रेकिंगच बंद होतं.

इंजिन बंद करून उतरणं तर विसराच. दोन-चारदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो, स्टिअरिंग जड होतं.

लांब थांबायचं असेल तर

पाच-दहा मिनिटांची खात्री असेल तर इंजिन बंद करणंच बरं. 'पी' असलेल्या गाडीत क्रम असा ठेवा: ब्रेक दाबून 'एन', मग हँडब्रेक, मग ब्रेक हलकेच सोडून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्या, पुन्हा ब्रेक दाबा आणि 'पी'. थेट 'पी' टाकलं तर चढ-उतारावर गाडीचा सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खुंटीवर येतो आणि निघताना 'खट्ट' आवाज होतो. पुष्कळ एएमटी गाड्यांना 'पी' नसतोच. त्यात हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवूनच बंद करायची.

आपली गाडी नक्की कुठल्या प्रकारची हे माहीत नसेल तर सोबतचं मॅन्युअल काढा. ते बहुतेकांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकसकट पडलेलं असतं.