दवाखान्याचा कॉम्प्युटर भिजला, तर आपली नोंद कुठे?

मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या दवाखान्यात गुडघाभर पाणी शिरले. टेबलाखाली ठेवलेला कॉम्प्युटर भिजला. पाणी ओसरल्यावर दवाखाना पुन्हा उघडला, औषधे नवी आली, पण रुग्णांच्या दहा वर्षांच्या नोंदी परत आल्या नाहीत. डॉक्टरांनी त्यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवली होती. पण तो पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या खालच्या खणात होता, तोही गाळात गेला.

दोन दिवसांनी शेजारच्या आजी ताप घेऊन आल्या. डॉक्टरांनी विचारले, "आजी, मागे कोणत्या गोळीने तुमच्या अंगावर पुरळ उठले होते?" आजी म्हणाल्या, "मला काय ठाऊक बाबा, ते तुमच्या कॉम्प्युटरातच लिहिलं होतं ना?"

या एका प्रश्नावरून नोंदीची किंमत कळते. टीबीच्या रुग्णाने पूर्वी कोणती औषधे घेतली, मध्येच सोडली का, हे माहीत नसेल तर पुढचा उपचार ठरवणे अवघड होते. साखर, रक्तदाब, सिकलसेल या आजारांत तर वर्षानुवर्षांच्या नोंदी एकत्र पाहाव्या लागतात.

पाणी एवढाच धोका नाही. आग, चोरी, वीज कमी-जास्त होऊन डिस्क जळणे, हे वस्तीत नेहमीचे. शिवाय खंडणी मागणारा व्हायरस असतो. तो कॉम्प्युटरमधील सगळ्या फाइली कुलूपबंद करतो आणि उघडण्यासाठी पैसे मागतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर असाच हल्ला झाला. कित्येक दिवस तिथले काम हाताने कागदावर करावे लागले. पण व्हायरस न पोचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळवली, असे सरकारने संसदेत सांगितले. एवढ्या मोठ्या रुग्णालयाला वेगळ्या ठेवलेल्या प्रतीने तारले. छोट्या दवाखान्यालाही तोच मार्ग आहे.

यासाठी एक सोपा हिशेब आहे: तीन, दोन, एक. माहितीच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, जसे कॉम्प्युटर आणि बाहेरची हार्ड डिस्क. आणि त्यातली एक प्रत दवाखान्यापासून दूर असावी. दूर म्हणजे शेजारच्या गल्लीत नव्हे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा एका गल्लीत पाणी आणि दुसरी कोरडी असे झाले नाही. म्हणून कुर्ल्याच्या दवाखान्याची प्रत पुण्या-नाशकात असलेली बरी. इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरवर रोज रात्री प्रत पाठवण्याची सोय पैसे भरून मिळते.

मात्र तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली, माहिती दवाखान्यातून बाहेर पडण्याआधीच कुलूपबंद झाली पाहिजे. म्हणजे वाटेत कुणाच्या हाती लागली तरी वाचता येणार नाही. त्या कुलपाचा पासवर्ड कागदावर लिहून दुसऱ्या सुरक्षित जागी ठेवावा. तो हरवला तर डॉक्टरांनाही माहिती उघडता येत नाही.

दुसरी, जुन्या तारखांच्या प्रतीही राहिल्या पाहिजेत. फक्त ताजी प्रत ठेवली तर व्हायरसने बिघडवलेली फाइल चांगल्या फाइलीच्या जागी जाऊन बसते. हार्ड डिस्कही काम झाले की काढून ठेवावी. ती जोडलेलीच राहिली तर व्हायरस तिच्यातही शिरतो.

तिसरी, प्रत उघडते का हे अधूनमधून पाहावे. दर महिन्याला एखाद्या रुग्णाची नोंद परत काढून बघितली म्हणजे खात्री पटते. गरजेच्या दिवशी प्रत रिकामी निघाली, तर इतके दिवसांचा खर्च वाया.

कुलपाबद्दल आम्ही मुद्दाम लिहितो आहोत. टीबी, एचआयव्ही, सिकलसेल, गर्भपात या गोष्टी वस्तीत फुटल्या की मुलीचे लग्न मोडते, माणसाचे काम सुटते. म्हणून रिपोर्टचे फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणे, सगळ्या कर्मचाऱ्यांना एकच पासवर्ड देणे, हे बॅकअप नसण्याइतकेच घातक आहे.

आपण काय करावे? पुढच्या वेळी दवाखान्यात गेल्यावर नम्रपणे विचारा, "डॉक्टर, आमच्या नोंदीची प्रत दुसरीकडे कुठे असते का? ती दुसरं कुणी वाचू शकतं का?" यात डॉक्टरांचा अपमान नाही. चार घरांनी विचारले की डॉक्टरही मनावर घेतात.

कायद्याचीही थोडी मदत आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यास नोंदीची प्रत ७२ तासांत द्यावी लागते. तीन वर्षे नोंद जपण्याचे त्यातले बंधन मात्र भरती झालेल्या रुग्णांपुरते आहे. ओपीडीत तपासून घरी येणाऱ्यांनी आपली नोंद आपणच जपलेली बरी.

म्हणून घरात प्रत्येक माणसाची एक वही किंवा फाइल करा. पहिल्या पानावर रक्तगट, न सोसणारे औषध, चालू गोळ्या आणि जुने आजार लिहा. चिठ्ठ्या, रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंच फळीवर ठेवा. पहिल्या पानाचा फोटो गावाकडच्या एखाद्या विश्वासू नातेवाइकाकडेही असू द्या. ही झाली आपली दूर ठेवलेली प्रत.

आजींच्या नातीने त्याच आठवड्यात जुन्या पिशव्या उपसून एक मळकी चिठ्ठी शोधली. त्या गोळीचे नाव आता आजींच्या वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलेले आहे.