बाकावरच्या आज्या

दोस्तांनो, झिम्बाब्वे म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? क्रिकेट! १९८३ च्या वर्ल्ड कपमध्ये कपिलदेवने नाबाद १७५ धावा काढल्या त्या याच संघाविरुद्ध, हे घरातल्या मोठ्यांनी तुम्हाला दहा वेळा तरी ऐकवलं असेल. भूगोल पक्का असणारे व्हिक्टोरिया धबधब्याचं नाव घेतील. आज आपण या देशाच्या राजधानीत, हरारेला जाणार आहोत. पण सामना बघायला नाही हं! आपल्याला भेटायचंय तिथल्या आज्यांना.

हरारेत म्बारे नावाची एक दाटीवाटीची गरीब वस्ती आहे. तिथल्या दवाखान्याच्या आवारात एक साधं लाकडी बाक असतं. बाकावर एक आजी बसलेली. कुणीतरी तिच्याशेजारी येऊन बसतं आणि हळूहळू बोलायला लागतं. आजी ऐकते. लांबून बघणाऱ्याला वाटेल, बसल्यात दोघी गप्पा छाटत! पण तिथे चाललेला असतो उपचार. अगदी खराखुरा उपचार, बरं का!

मनाचं दुखणं

ताप आला की आई कपाळाला हात लावते, थर्मामीटर लावते. पण मन आजारी पडलं तर? ते थर्मामीटरवर कसं दिसणार? परीक्षेच्या आदल्या दिवशी पोटात गोळा येतो, पेपर झाला की तो जातो. हा काही आजार नव्हे. पण झोप उडते, जेवण जात नाही, आवडता खेळही नकोसा होतो, सारखं रडू येतं आणि असं आठवडेच्या आठवडे चालतं, तेव्हा मनाला मदत हवी असते. यात लाजण्यासारखं काही नाही.

झिम्बाब्वेत शोना भाषा बोलतात. तिच्यात अशा दुखण्याला एक झकास शब्द आहे, ‘कुफुंगिसिसा’. म्हणून बघा पटकन तीन वेळा! अर्थ आहे, ‘फार विचार करत राहणं’. विचार करकरून डोक्याचा भुगा झाला, असं आपण म्हणतो ना? तसंच काहीसं.

चौदा आज्या आणि एक बाक

डॉ. डिक्सन चिबांडा हे हरारेतले मनोविकारतज्ज्ञ. सव्वा कोटीच्या वर लोकवस्तीचा देश आणि असे डॉक्टर मात्र जेमतेम डझनभर, अशी तिथली अवस्था. त्यातच २००५ मध्ये सरकारने शहरांमधल्या झोपड्या आणि टपऱ्या पाडल्या. घर किंवा पोटापाण्याचा धंदा गमावलेल्यांची संख्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजाप्रमाणे सुमारे सात लाख होती. कितीजणांची मनं खचली असतील!

त्याच वर्षी डॉक्टरांच्या एका तरुण रुग्ण मुलीने आपलं आयुष्य संपवलं. तिला पुन्हा दवाखान्यात आणायचं ठरलं होतं. पण आईजवळ बसच्या भाड्याचे १५ डॉलर नव्हते. डॉक्टरांच्या मनाला ही गोष्ट फार लागली. लोक आपल्यापर्यंत पोचू शकत नसतील, तर मदतीनेच त्यांच्या वस्तीत जायला हवं, असं त्यांनी ठरवलं.

पण पैसा कुठला? माणसं कुठली? दवाखान्यात खोली रिकामी नव्हती, नर्सना मान वर करायला फुरसत नव्हती. मिळालं काय, तर वस्तीत आरोग्याचं काम करणाऱ्या १४ आज्या आणि बाहेरची मोकळी जागा! २००६ मध्ये तेवढ्यावर काम सुरू झालं.

डॉक्टरांना बाकाच्या नावात ‘मानसिक आरोग्य’ हे शब्द हवे होते. आज्या म्हणाल्या, अशा नावाच्या बाकावर कुणी फिरकायचंसुद्धा नाही! मग शोना भाषेत नाव पडलं, ‘चिगारो चेकुपानामाझानो’, म्हणजे एकमेकांना युक्ती सुचवण्याचं बाक. इंग्रजीत तेच ‘फ्रेंडशिप बेंच’ झालं.

आजी करते तरी काय?

आज्यांना नीट प्रशिक्षण मिळतं. आधी आजी १४ प्रश्न विचारते. झोप लागते का? फार विचार येतात का? असे साधेच प्रश्न. मग पहिली पायरी, मन उघडणं. समजा, एका बाईची नोकरी गेली आहे, घरभाडं थकलंय, मूल आजारी आहे. तिने सगळं बोलायचं, आजीने मधे न तोडता ऐकायचं. दुसरी पायरी, उभारी देणं. सगळ्या अडचणींतली एकच निवडायची. समजा, घरभाडं. त्यावर काय काय करता येईल? घरमालकाशी बोलू? भाजी विकू? यातलं एक पाऊल त्या बाईनेच ठरवायचं. तिसरी पायरी, बळ देणं. पुढच्या भेटीत काय घडलं ते सांगायचं. जमलं तर छान, नाही जमलं तर दुसरा उपाय.

गंमत बघा, तोडगा आजीने द्यायचा नाही! आजी आणि सल्ला देणार नाही? किती कठीण ते तुमच्या आजीलाच विचारा.

आणि एखाद्याची अवस्था फारच बिकट असेल, जिवाला धोका वाटत असेल, तर आजी एकटी ते ओझं घेत नाही. ताबडतोब नर्सला किंवा तज्ज्ञाला कळवते. आपली मर्यादा ओळखणं हाही प्रशिक्षणाचाच भाग.

याचा खरंच उपयोग होतो का? तेही तपासलं गेलं. २४ दवाखान्यांतल्या ५७३ जणांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर, नेहमीचे उपचार घेतलेल्या शंभरातल्या सुमारे ५० जणांमध्ये नैराश्याची लक्षणं होती. बाकावर बसलेल्यांमध्ये? फक्त १४! पुढे अशी बाकं मलावीत आणि न्यूयॉर्कमध्येही गेली. २०२२ च्या फुटबॉल वर्ल्ड कपला कतारमध्ये ३२ संघांच्या नावाने ३२ बाकं मांडली होती.

आपलंही नातं आहे!

ते १४ प्रश्न कुणी तयार केले ठाऊक आहे? १९९० च्या दशकात हरारेत काम करणारे डॉ. विक्रम पटेल, आपल्या मुंबईत जन्मलेले! त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १९९६ मध्ये गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था काढली. तिथेही डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून समुपदेशक केलं. नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांत २०१३ ते २०१५ मध्ये ‘आत्मीयता’ हा उपक्रम झाला. गावातलीच माणसं शिकून गावातल्यांना आधार देऊ लागली.

तुम्ही काय कराल?

तुम्ही लगेच समुपदेशक व्हायचं नाही. पण वर्गातला एखादा बडबड्या मुलगा गप्प गप्प झाला, डबा न खाता परत नेऊ लागला, तर शेजारी जाऊन बसा. ‘काय झालं रे?’ एवढं विचारा आणि ऐका. ‘एवढंच ना!’ म्हणून हसू नका.

मात्र कुणी ‘मला जगावंसंच वाटत नाही’ असं म्हणालं, तर ते मोठ्या माणसाला सांगायचंच. आईबाबा, बाई, सर, ज्यांच्यावर तुमचा विश्वास आहे त्यांना. ‘कुणाला सांगू नकोस हं’ अशी शपथ घातली असली तरीही! ही चहाडी नव्हे. आजीसुद्धा नर्सला सांगतेच की! आणि असं तुम्हालाच वाटत असेल, तर तुम्हीही बोला. सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस, फुकट चालतो. मराठीतही बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहेच.

आईबाबांनो, हे दोन्ही नंबर फोनजवळ लिहून ठेवा. आणि मूल सांगायला आलं, तर हातातलं काम क्षणभर बाजूला ठेवून आधी ऐकून घ्या.