माळ्यावरचा फाळ

परवा आमचं पावणे गावातलं जुनं घर रिकामं करायला घेतलं. पाडून नवं बांधायचंय. माळ्यावरचं सगळं भंगारात, असं बाबांनी आधीच जाहीर केलं होतं. मी वर, बाबा खाली. पत्र्याचे डबे, मोडका कूलर, माझी पाचवीची प्रोजेक्टं असं एकेक खाली जात होतं. मग हाताला लागली एक गंजलेली, टोकदार लोखंडी पट्टी. मी डिप्लोमा मेकॅनिकलवाला, त्यामुळे वाटलं कुठल्यातरी मशीनचा पार्ट असेल. "हेपण भंगार!" मी वरून ओरडलो.

खुर्चीतून आजोबा म्हणाले, "फाल हाय तो. ठेव खाली."

फाळ म्हणजे नांगराचं टोक. अख्खा नांगर लाकडाचा, लोखंड फक्त एवढंच. पावसाआधी लोहाराकडे जाऊन त्याला धार लावून आणायची. पैसे लगेच द्यायचे नाहीत, सुगीला भात द्यायचं.

"ट्रॅक्टर नव्हता आपल्याकडे?" मी विचारलं. आजोबा हसलेच. "यवरासा वाफा. बैलजोरी वलवताना घाम फुटं, ट्रॅक्टर कुठला!"

खरं तर लोखंडी नांगर तेव्हा नवा नव्हता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तो १९०३ मध्येच बनवला होता. लोखंडाने जमीन नासेल, या भीतीने शेतकरी सुरुवातीला तो घेत नव्हते, ही गोष्ट आपण ऐकलेली असते. आमच्याकडे कारण वेगळं होतं. चिखलात, लहान बैलांना तो जड व्हायचा, असं आजोबा सांगतात.

त्यांचा जन्म १९४४चा. त्यांच्या लहानपणी गावाच्या एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी आणि मधे भात. पावसाळी, एकच पीक. खाडीकडची जमीन खार. भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा बांध आणि त्यात उघाडी. उघाडीची झडप ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायची आणि भरतीच्या दाबाने आपोआप मिटायची. म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच की! मी तो सेकंड इयरला पाठ केला, पणजोबा तो चिखलात उभं राहून दुरुस्त करायचे. बांध फुटला तर रात्री-अपरात्री सगळं गाव घमेली घेऊन धावायचं, कारण एकदा खारं पाणी शिरलं की त्या वर्षीचं पीक तर जायचंच, पुढच्या वर्षीचीही खात्री नसायची. मुंबई सरकारने १९४८ मध्ये खार जमिनींसाठी वेगळा कायदा केला होता, यावरून हा प्रश्न केवढा मोठा होता ते कळतं.

पण आजोबांच्या बोलण्यात नांगरापेक्षा जास्त आलं ते हलरचं इंजीन. त्याआधी भात घरीच भरडायचं. पहाटे पणजी आणि तिची जाऊ घिरटावर बसायच्या, मग उखळ-मुसळ, मग सूप. सकाळ उजाडेपर्यंत जेमतेम दिवसाचा तांदूळ. मग शेजारच्या गावात डिझेल इंजिनावर चालणारी भातगिरणी आली. मोठं चाक, त्यावर लांब पट्टा, सुरू करायला दोन माणसं हँडल मारणार. आवाज पार शेतापर्यंत यायचा. आजोबा डोक्यावर भाताचं गाठोडं घेऊन जायचे आणि मुद्दाम रेंगाळायचे. पणजीची कुरकुर असायची की गिरणीच्या तांदळाला चव नाही, कोंडाही तिथेच राहतो. "पन घिरट परत काय काढला नाय तिनं," आजोबा म्हणाले. मला विचाराल तर आमच्या घरात बायकांची पाठ वाचवणारं पहिलं यंत्र तेच.

पुढचं पटापट झालं. १९६२ला एमआयडीसी स्थापन झाली आणि ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखाने उभे राहू लागले. आमचे वाफे त्यात गेले. जासई, १९८४, दि. बा. पाटील हे आपण भाषणांत ऐकतो. त्या जमिनीत आधी काय होतं, हे मी घरातही कधी विचारलं नव्हतं.

आजोबा कंपनीत हेल्पर लागले, मग लेथवर. इंजिनापाशी रेंगाळायची सवय कामाला आली असावी. मी तसं म्हटल्यावर ते नुसते बघत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "इंजीन बघाया आवडं. शेत द्याया नाय आवडलं."

संध्याकाळी त्यांना बाइकवर बसवून एमआयडीसीत नेलं. दोन वळणं घेतल्यावर त्यांनी हात दाखवला. तिथे कंपाउंडची भिंत आणि बाहेर लागलेले ट्रक. "हितं बांधाव भेंडीचं झार व्हतं." मागच्या सुट्टीत मी इंटर्नशिप केली ते वर्कशॉप त्याच गल्लीत आहे. महिनाभर मी तिथे डबा खाल्लाय.

घरी आलो तर भंगारवाला काटा घेऊन हजर. बाबा म्हणाले, "नव्या घरात माळाच नाही, ठेवणार कुठे?" मी फाळ बॅगेत टाकला. रात्री वायर ब्रशने घासायला बसलो, ग्रीसचा डबाही काढला.

"ग्रीस नको," आजोबा म्हणाले. "खोबरेल लाव."