तीस मणी

पहाटे ५:५०. पहूर बसस्थानक. ताई जळगावच्या एसटीची वाट पाहतात. तिथल्या एका हाडांच्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटरचं काम त्या करतात. पगार १६ हजार. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणून रोजचं येणं-जाणं परवडतं.

७:१५. थिएटरच्या मागची खोली. कालची अवजारं ब्रशने घासून, धुऊन, पुसून कोरडी केलेली. ड्रिलच्या खाचा ताई उजेडात धरून तपासतात. सुकलेलं रक्त राहिलं, तर वाफ त्याच्या खाली पोचत नाही. ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर. गठ्ठे बाहेर येतात तेव्हा त्यांच्यावरच्या चिकटपट्टीच्या रेघा काळ्या झालेल्या हव्यात. एक गठ्ठा ओलसर निघतो. ताई तो परत लावतात. ओला गठ्ठा वापरायचा नाही.

९:००. पहिली केस. पोरगा बावीस वर्षांचा. रात्री मोटारसायकल शेतात उलटली. नडगीचं हाड कातडी फोडून बाहेर आलेलं, जखमेत काळी माती. प्रतिजैविकाचं इंजेक्शन दाखल होताच दिलंय. टेबलावर आधी नुसतं धुणं. सलाइनच्या तीन-तीन लिटरच्या पिशव्या, एकामागून एक तीन. मेलेलं मांस सर्जन सर कापून काढतात. हाड बाहेरून फिक्सेटरने धरतात. आत सळई आज नाही.

पुढे ती बसवायचीच आहे, खरी भीती तिथेच. धातूवर जंतू एकदा बसले की स्वतःभोवती चिकट थर करतात. मग शिरेतून दिलेलं औषध तिथवर नीट पोचत नाही. रक्तपुरवठा तुटलेल्या जागी तर ते आधीच कमी जातं. म्हणून औषध जखमेतच ठेवायचं.

१०:१०. ताई हातमोज्यांचा दुसरा जोड चढवतात. भांड्यात हाडाच्या सिमेंटची ४० ग्रॅम पावडर. व्हॅन्कोमायसिनच्या एकेक ग्रॅमच्या चार बाटल्या. बाटली बाहेरून निर्जंतुक नसते, म्हणून सिस्टर ती भांड्याला न टेकवता वरूनच ओततात. ताई गुठळ्या फोडतात. मग सिमेंटचा द्रव. उग्र वास खोलीभर होतो. ढवळायचं, थांबायचं. मोज्याला चिकटायचं थांबलं की घाई करायची. बोरांएवढे मणी, स्टीलच्या तारेत ओवलेले. गोळा तापत जातो. या उष्णतेत टिकणारंच औषध इथे चालतं, व्हॅन्कोमायसिन आणि जेंटामायसिन टिकतात. काही मिनिटांत सगळं दगड होतं. उरलेलं फेकायचं, आणि पाकीट काही हजारांचं असतं.

सिमेंटमध्ये प्रतिजैविक मिसळायची ही पद्धत हॅम्बुर्गचे सर्जन बुखहोल्त्स यांनी १९७० साली मांडली. सुरुवात सांधेरोपणापासून झाली. मणी नंतर आले. पहिल्या काही दिवसांत औषध भरपूर झिरपतं, मग काही आठवडे थोडं-थोडं. जागेवर ते जोरदार असतं, रक्तात फार कमी उतरतं, म्हणून मूत्रपिंडांवर सहसा फार भार पडत नाही.

१०:३०. दोन माळा जखमेत. वर पारदर्शक चिकट पडदा. "किती?" सर विचारतात. "तीस." सिस्टर फळ्यावर लिहितात, मग केसपेपरवर. मला हीच नोंद सगळ्यात मोलाची वाटते. हे सिमेंट विरघळत नाही. एक मणी आत विसरला, तर औषध संपल्यावर जंतूंना बसायला तोच पाट होतो. विरघळणारे मणी मिळतात, महाग पडतात.

१:४०. डबा. कळण्याची भाकरी, ठेचा. दारात पोराचा बाप उभा. हातात रेशनकार्ड, आधार, महात्मा फुले योजनेचे कागद. "ताई, पऱ्हाटी फुटून राहिली. पोरगं कवा चालीन?" ताई भाकरी खाली ठेवतात. "परवा परत धुवायचंय, काका. जखम साफ दिसली की सळईचं सर सांगतील. पडद्याला हात लावू देऊ नका त्याला."

४:३०. दोन केसेस आणखी झाल्या. परत ब्रश, परत ड्रिलच्या खाचा.

७:४०. पहूर. घराच्या ओट्यावर शेजारी वाट पाहत बसलेले. मागच्या वर्षी मांडीत रॉड टाकलेला. टाक्यांची जागा लाल झालीय, गरम लागतेय. मेडिकलमधून गोळ्या आणू का, विचारतात.

"नका आणू. आधी नमुना घेऊ द्या. गोळ्या पोटात गेल्या, तर जंतू कोणता ते तपासणीत सापडेलच असं नाही. उद्या सहाच्या गाडीला माझ्यासोबत चला. जुनी फाईल आणि एक्स-रे घ्या."