असील कोंबडा घेताना बांधा कसा पारखावा?

देशी कोंबड्यांच्या व्यवहारात असील आणि कडकनाथ ही दोन नावे आता गावोगावच्या बाजारात पोहोचली आहेत. एखादे नाव चालते म्हटले की त्या नावाखाली काहीही विकले जाते. मांसासाठी घेतलेला कोंबडा नकली निघाला तर नुकसान त्या एका कोंबड्यापुरते राहते. पैदाशीसाठी घेतलेला नर नकली निघाला तर ते कळायला वर्ष जाते. तोवर दाणा, जागा आणि त्याच्या रक्ताची सगळी पिल्ले हातची गेलेली असतात. कोंबड्यांच्या खरेदी-विक्रीवर ज्यांची रोजी आहे, अशा आपल्या बंधूंनी ही पारख शिकून घ्यावी अशीच आहे.

‘असील’ हा शब्द अरबी. त्याचा अर्थ शुद्ध नस्लीचा, खानदानी. मराठीतला ‘अस्सल’ही त्याच कुळातला. पण आपल्याकडचा खरीददार अस्सलपणा ओळखण्यासाठी आधी रंग पाहतो, आणि इथेच तो फसतो. असीलमध्ये पीला सोनेरी तांबूस, याकूब काळा-तांबडा, नूरी पांढरा, कागर काळा, टीकर तपकिरी, रेझा फिकट तांबडा, असे कितीतरी रंग आहेत. एकाच जातीत एवढे रंग असतील तर रंगावरून जात ठरणार कशी? इंग्लंडमध्ये 1865 साली आणि अमेरिकेत 1874 साली कोंबड्यांच्या जातींची मानके पुस्तकरूपाने छापली गेली. तेव्हापासून तिकडचे परीक्षक मानत आले आहेत की आकाराने जात ठरते आणि रंगाने फक्त तिच्यातला प्रकार.

कडकनाथचे उदाहरण घ्या. त्याची कातडी, जीभ आणि हाडावरचा पडदा काळा असतो. हा काळेपणा देणारा गुण आनुवंशिकतेत जोरकस आहे, म्हणून कडकनाथ नर दुसऱ्या जातीच्या मादीवर सोडला तरी पुष्कळ पिल्ले काळीच निघतात. काळी कातडी दाखवून संकरित माल कडकनाथ म्हणून खपवता येतो तो यामुळे. पण शरीर खोटे बोलत नाही. खरा कडकनाथ नर हलक्या बांध्याचा, दीड किलोच्या आसपासचा असतो. काळाकुट्ट पण जाडजूड पायांचा, रुंद छातीचा आणि तीन किलोला टेकलेला पक्षी कोणी कडकनाथ म्हणून दाखवला तर त्यात ब्रॉयलरचे रक्त आहे असे समजावे.

आता असीलकडे वळू. पक्षी लगेच हातात घेऊ नये. आधी मोकळ्या जागेत सोडून पाच मिनिटे दुरूनच पाहावा. असील ताठ उभा राहतो. खांदे उंच, पाठ सरळ आणि शेपटीकडे उतरती, शेपटी लहान व खाली झुकलेली. मान लांब आणि वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची, पण थुलथुलीत नाही. चेहरा लांबट व पिसांविना. चोच आखूड. तुरा वाटाण्याच्या दाण्यांसारखा बारीक आणि डोक्याला घट्ट बसलेला. चोचीखाली लोंबणारे लाल मांस अगदी थोडे किंवा नाहीच. ही सगळी ठेवण झुंजीतून आली आहे. प्रतिस्पर्ध्याला पकडायला काही मिळू नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या असेच पक्षी निवडले गेले. (झुंज लावणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. इथे विचार आहे तो पैदाशीचा.)

नंतर वरून पाहावे. खांद्यांशी रुंद आणि शेपटीकडे निमुळते होत गेलेले शरीर हवे. मागची बाजू खांद्यांइतकीच रुंद आणि पोट लोंबते असेल तर बांधा असीलचा नव्हे. समोरून पाहताना दोन्ही पाय एकमेकांपासून दूर व सरळ असावेत. गुडघे एकमेकांकडे वळलेला नर कितीही देखणा असला तरी सोडून द्यावा.

मग हातात घ्यावा. तळहात छातीखाली, पाय बोटांत धरलेले, पक्ष्याचे तोंड आपल्याकडे. असील दिसतो त्यापेक्षा हाताला जड लागतो, कारण त्याचे मांस घट्ट आणि पिसे थोडी असतात. छातीवर तर पिसे जवळजवळ नसतातच. पिसांखाली मऊ कापसासारखा थर लागला, किंवा शेपटीच्या मुळाशी पिसांचा फुगीर झुबका दिसला, की संकराची शंका घ्यावी. बोट छातीच्या हाडावरून पुढून मागे न्यावे. हाड सरळ हवे आणि दोन्ही बाजूंचे मांस सारखे भरलेले हवे. लहान वयात अरुंद काठीवर बसवलेल्या पिल्लांचे हे हाड पुष्कळदा वाकते. तो ऐब पिसांमुळे डोळ्यांना दिसत नाही, बोटालाच कळतो. मानेखालची दाण्याची पिशवीही चाचपावी. तोलाआधी पोटभर दाणा चारण्याची युक्ती नवी नाही.

वाकडी चोच, एका बाजूला कललेली शेपटी, कुबड आलेली पाठ आणि बदकासारखे पुढे वळलेले मागचे बोट हे ऐब कोणत्याही जातीत वाईटच. अशा पक्ष्याची मांसाला विक्री करावी, पैदाशीला ठेवू नये.

वजनाबाबत मात्र एक पेच आहे. आपल्याकडच्या सरकारी वर्णनांत असील नर चार ते पाच किलो आणि मादी तीन ते चार किलो असे आढळते. ब्रिटिश मानक लहान बांध्याच्या रेझा प्रकारावर बेतलेले आहे; त्यात नर पावणेतीन किलोच्या आतच राहतो. तामिळनाडूत पोपटासारखी चोच व लांब शेपटी असलेला असील पाळतात, त्याचे शौकीन त्याची शेपटीच आधी मोजतात. म्हणून परदेशी पुस्तकातले आकडे घेऊन इथला पक्षी नाकारू नये. कोणत्या प्रकारचा असील विकतोय ते विक्रेत्याला आधी विचारावे, आणि मग त्याच प्रकाराच्या मापाने पक्षी जोखावा. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने असीलची नोंद केली आहे. त्यांचे वर्णन जातीची ओळख पटवण्यासाठी आहे, ती प्रदर्शनाची गुणपत्रिका नाही.

जाता जाता एक गंमत. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात असीलचे रक्त घालून रुंद छातीची कॉर्निश जात तयार झाली, आणि आजच्या ब्रॉयलरच्या घडणीत या कॉर्निशचा मोठा वाटा आहे. म्हणजे ज्या ब्रॉयलरची भेसळ आपण असीलमध्ये शोधतो, त्याच्या छातीत मुळात थोडा असील आहेच! असील आणि ब्रॉयलरचा पहिला संकर दिसायला भरदार आणि फसवा निघतो, त्याला हेही एक कारण असावे.

वयही पाहावे. असील उशिरा भरतो. पाच-सहा महिन्यांचा नर नुसता पायांवर वाढलेला, किडकिडीत दिसतो. त्यावर निकाल देता येत नाही. वर्ष उलटलेला पक्षी घ्यावा, आणि पिसे झडण्याच्या दिवसांत सौदा टाळावा.

शेवटी एकट्या नरावर विसंबू नये. पहिला संकर पुष्कळदा एकसारखा आणि देखणा असतो. त्याची पिल्ले मात्र फाटतात, एक बुटके, एक उंच, एक पिसाळ. विक्रेत्याच्या घरी जाऊन त्याच नराची चार-पाच मोठी झालेली पिल्ले आणि त्याची आई दाखवायला सांगावे. पिल्लांचा बांधा एकसारखा दिसला तर मागेल ती किंमत देण्याचा विचार करावा. दाखवायला टाळाटाळ झाली तर मांसाचा भाव सांगावा.