पडदा मोजत नाही, तार मोजते

बाभुळगावात धामणगाव रोडवरच्या कुठल्याही गॅरेजात ट्रॅक्टरची चावी अर्धी फिरवा. ऑइलचा लाल दिवा पेटतो आणि इंजिन लागलं की विझतो. त्याच्यामागे ब्लॉकमध्ये बसवलेला एक स्विच आणि एक तार, एवढाच कारभार. दाब आहे की नाही, इतकंच त्याला कळतं. शेजारचा पाण्याच्या तापमानाचा काटा मात्र सेन्सरवर चालतो. पाणी तापलं की सेन्सरमधला विद्युतरोध कमी होतो आणि काटा वर चढतो. विमानाच्या इंजिनावर लक्ष ठेवणारी यंत्रणा याच दोन जातींवर उभी आहे. फरक पडतो तो जोडणीत.

विदर्भात हे पाहायचं तर गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर. भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांच्या भागीदारीतली राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था तिथे आहे. तिच्या ताफ्यात डायमंड कंपनीची डीए-४० आणि डीए-४२ ही विमानं. डीए-४०च्या एका प्रकारात चार सिलिंडरचं, १८० अश्वशक्तीचं लायकमिंग इंजिन असतं आणि समोर गार्मिन जी-१०००चे दोन पडदे. शिकाऊ वैमानिकाचं लक्ष त्या पडद्यांवर खिळतं, तसं खिळावंही. पण पडदा स्वतः काहीच मोजत नाही. इंजिनाकडून आलेल्या तारा एका वेगळ्या डब्यात शिरतात, तो डबा त्यांचे आकडे करतो आणि पडदा ते फक्त दाखवतो. तार खोटं बोलली, तर पडदा तेच खोटं रंगीत करून सांगतो.

तापमानाचंच घ्या. सिलिंडरच्या डोक्याचं आणि धुराड्यातल्या वायूचं तापमान थर्मोकपल मोजतो. दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाशी जोडल्या आणि ते टोक तापवलं, की अतिशय क्षीण विद्युतदाब तयार होतो. थॉमस झेबेकला हा परिणाम १८२१ साली दिसला. ‘के’ जातीच्या थर्मोकपलमध्ये तो अंशामागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट असतो. म्हणजे एक व्होल्ट व्हायला चोवीस हजार अंशांहून जास्त लागतील.

एवढ्या बारीक दाबाशी खेळताना नेहमीची तांब्याची वायर चालत नाही. मोजणाऱ्या टोकापासून, म्हणजे प्रोबपासून, डब्यापर्यंत त्याच जातीच्या मिश्रधातूची तार लागते. समजा कुणी तार कमी पडली म्हणून इंजिनच्या खोलीतच तांब्याचा तुकडा जोडला. मे महिन्यात तिथे तो जोड ७० अंश सेल्सियसवर आहे आणि केबिनमधला डबा ४५ अंशांवर. थर्मोकपल आता त्या जोडापर्यंतचाच फरक सांगतो आणि डबा त्यात आपले ४५ मिळवतो. मधले २५ अंश गळतात. फॅरनहाइटमध्ये ते ४५ होतात. लायकमिंगच्या सिलिंडरच्या डोक्याची कमाल मर्यादा ५०० फॅरनहाइट. खरं तापमान ४८० असताना पडद्यावर ४३५ दिसेल, तेही हिरव्या पट्ट्यात. जास्त दाखवणारा दोष निदान माणसाला घाबरवतो. कमी दाखवणारा दोष त्याला निवांत ठेवतो, आणि माझ्या मते तोच जास्त वाईट.

रंगांचाही घोळ आहे. अमेरिकी पद्धतीत ‘के’ तारेचा पिवळा धन आणि लाल ऋण. ट्रॅक्टरवर किंवा घरच्या बॅटरीवर काम केलेला हात लाल म्हणजे प्लस धरून चालतो. तारा उलट्या बसल्या, की इंजिन तापताना आकडा खाली उतरू लागतो.

दुसरा मोठा विषय अर्थिंगचा. एका तारेचा सेन्सर आपला परतीचा रस्ता इंजिनाच्या धातूतूनच शोधतो. तेल गळू नये म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेप सढळ हाताने गुंडाळली, की हा रस्ता बिघडतो आणि काटा भरकटतो. डीए-४०चं तर अंगच काचतंतूचं. ट्रॅक्टरवर चेसिसला कुठेही वायर टेकवली की अर्थ मिळतो, तशी सोय इथे नाही. परतीची प्रत्येक तार मुद्दाम ओढून न्यावी लागते. सेन्सरची अर्थिंग आणि डब्याची अर्थिंग दूरदूरच्या ठिकाणी दिली, तर मधल्या वायरवर पडणारा थोडासा व्होल्टेजही मापात शिरतो. लँडिंग लाइट लावला आणि तेलाचा दाब हलला, असा चमत्कार दिसला की आधी अर्थिंग तपासावी.

तेलाच्या दाबाचा सेन्सर पुष्कळदा इंजिनावर बसवतच नाहीत. इंजिनाच्या थरथरीने त्याचं पितळी नरडं तुटू शकतं. म्हणून तो मागच्या अग्निरोधक भिंतीवर बसवून लवचिक नळीने जोडतात आणि इंजिनाच्या तोंडाशी बारीक भोकाचा अडथळा देतात. नळी फुटली तरी तेल एकदम जात नाही. थरथरीमुळेच टोकांना सोल्डरपेक्षा दाबून बसवलेले लग बरे मानतात. सोल्डर तारेत वर चढून तिला कडक करतं आणि ती नेमकी त्या कडेला मोडते.

स्विचचं काम सोपं वाटतं, पण डोकं तिथेही लागतं. डीए-४०चं वर उघडणारं छत (कॅनोपी) किंवा मागचं दार नीट लागलं नाही, तर पडद्यावर इशारा येतो. असा स्विच जोडताना विचारायचं असतं, की तार तुटली तर काय दिसेल? दार बंद असताना मंडल पूर्ण राहील अशी जोडणी केली, तर तुटलेली तारही ‘दार उघडं’ म्हणून ओरडते. उलट जोडणीत तार तुटली की स्विच कायमचा गप्प.

भारतात असं काम परवानाधारक विमान देखभाल अभियंत्याच्या सहीशिवाय पुढे सरकत नाही. इंजिन आणि एव्हियॉनिक्स यांचे परवाने वेगळे, आणि सेन्सर नेमका त्यांच्या वेशीवर बसतो. स्वतः विमान बांधणाऱ्याला मात्र दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं. २०१६च्या मेक इन इंडिया सप्ताहात ते लोकांनी पाहिलं आणि २०१७मध्ये त्याची नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे (डीजीसीए) नोंदणी झाली. त्या विमानाची बातमी गच्चीची झाली. वायरिंगबद्दल कुणी विचारलं नसेल, आणि मला तेच वाचायला आवडलं असतं.

दोष शोधायची रीत जुनी आहे आणि अजून तिच्यावर मात करणारं काही आलेलं नाही. तीन नंबरच्या सिलिंडरचं तापमान उड्या मारतंय? धातूचं डोकं एका सेकंदात शंभर अंश चढूच शकत नाही, म्हणजे संशय आधी तारेवर. तीन आणि चारच्या प्रोबची जोडणी अदलाबदल करा आणि इंजिन चालवा. उडी चारवर गेली तर प्रोब बदला. तीनवरच राहिली तर तारांचा जुडगा (हार्नेस) उघडा, आणि तार जिथे क्लॅम्पखाली वळते तिथून सुरुवात करा.